रंगप्रश्न : पाउलिनाने गोळी झाडावी का?

गेल्या अंकात आम्ही राजकीय नाटकांविषयी वाचकांचे प्रश्न मागवले होते. सोलापूरहून आलेली चार पत्रे एकाच नाटकाच्या तालमीभोवती फिरणारी आहेत. त्यांची उत्तरे एकत्र देत आहोत.

प्रश्न : आमची हौशी संस्था यंदा राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीसाठी चिलीचे नाटककार आरिएल डॉर्फमन यांच्या ‘डेथ अँड द मेडन’ या नाटकाचे मराठी रूपांतर बसवत आहे. हुकूमशाहीत छळ सोसलेली पाउलिना आपल्या छळकर्त्या डॉक्टरला आवाजावरून ओळखते आणि त्याला खुर्चीला बांधून त्याच्यावर घरातच खटला चालवते. शेवटी ती पिस्तूल रोखून उभी राहते, पण गोळी झाडली की नाही हे नाटक सांगत नाही. तालमीत यावरून मोठा वाद झाला. निम्म्या मंडळींचे म्हणणे असे की गोळीचा आवाज आणि अंधार असा शेवट करावा, नाहीतर हुतात्मा स्मृती मंदिरातून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकाला फसवल्यासारखे वाटेल. आपले मत काय? — दिग्दर्शक, साखर पेठ

उत्तर : माझे मत स्पष्ट आहे. गोळी झाडू नका, आणि झाडली नाही असेही दाखवू नका. मात्र याचे कारण ‘लेखकाने तसे लिहिले आहे’ एवढेच असते, तर तुमच्या मंडळींचे समाधान व्हायला नको. त्यासाठी हे नाटक ज्या महिन्यात रंगभूमीवर आले त्या महिन्याकडे पाहावे लागेल.

चिलीमध्ये 11 सप्टेंबर 1973 रोजी लष्कराने साल्वादोर आयेंदे यांचे निवडून आलेले सरकार उलथवले आणि जनरल ऑगुस्तो पिनोशे यांची राजवट सुरू झाली. आयेंदे यांच्या सरकारसाठी काम केलेल्या डॉर्फमन यांना देश सोडावा लागला. 5 ऑक्टोबर 1988 च्या सार्वमतात सुमारे 56 टक्के मतदारांनी पिनोशे यांना नकार दिला आणि मार्च 1990 मध्ये पात्रिसियो आयल्विन राष्ट्राध्यक्ष झाले. येथपर्यंतची गोष्ट विजयाची आहे. परंतु पिनोशे घरी गेले नाहीत. ते 1998 पर्यंत लष्करप्रमुख राहिले. राजवटीच्या पहिल्या साडेचार वर्षांतील गुन्ह्यांना माफी देणारा 1978 चा हुकूम कायम होता. शेजारच्या अर्जेंटिनाने 1985 मध्ये लष्करी सत्तेच्या प्रमुखांवर खटला चालवून त्यांतील पाच जणांना शिक्षा दिली होती, पण त्यानंतर तिथल्या छावण्यांत बंडे झाली आणि अखेर त्या प्रमुखांना माफीही मिळाली. हे सारे आयल्विन यांच्या डोळ्यांसमोर होते. म्हणून त्यांनी ‘शक्य असेल तेवढा न्याय’ देण्याची भाषा केली आणि राऊल रेतिग यांच्या अध्यक्षतेखाली एक चौकशी आयोग नेमला. या आयोगाचा अहवाल मार्च 1991 मध्ये जनतेसमोर आला आणि त्याच महिन्यात डॉर्फमन यांचे नाटक सांतियागोमध्ये सादर झाले.

त्या आयोगाच्या कार्यकक्षेत पाउलिनाचा प्रश्न दडलेला आहे. आयोगाला फक्त मृत्यू आणि बेपत्ता झालेली माणसे यांचीच चौकशी करायची होती. अहवालाने 2,279 बळींची नोंद घेतली, पण ज्यांचा छळ झाला आणि जे जिवंत राहिले त्यांच्यासाठी तिथे रकाना नव्हता. नाटकातला खेरार्दो, म्हणजे पाउलिनाचा वकील नवरा, नेमका अशाच आयोगावर नियुक्त झालेला आहे. सबंध देशाचे दुःख ऐकून घेण्याचे काम ज्याच्याकडे आले, त्याच्या घरातल्या बाईचे दुःख त्या आयोगाच्या कक्षेत बसत नाही, कारण ती मेली नाही. पाउलिना पिस्तूल हातात घेते ती या जागी उभी राहून. न्यायालयाचे दार उघडे असताना ते ओलांडून ती सूडाकडे गेलेली नाही, हे तुमच्या कलाकारांनी मनावर घेतले तर प्रयोगाचा सूरच बदलेल.

आता ती डॉक्टरकडे काय मागते ते संहितेत बारकाईने पाहा. सुरुवातीला तिच्या मनात येईल ते सर्व ती बोलते, अगदी त्याच्यावर तेच अत्याचार करवून घेण्यापर्यंत. पण हळूहळू ती एका मागणीवर येऊन ठरते : त्याने सर्व कबूल करावे, स्वतःच्या हाताने लिहून सही करावी, म्हणजे ती त्याला सोडून देईल. जे तिला आयोगाकडून मिळणार नव्हते ते ती या एका माणसाकडून वसूल करू पाहते. तुम्ही गोळीचा आवाज केलात तर प्रेक्षक सुटकेचा श्वास टाकेल, टाळ्याही पडतील, आणि तिने इतका वेळ जी मागणी धरून ठेवली ती मागणी त्या आवाजात विरून जाईल. गोळी झाडली नाही असे ठामपणे दाखवलेत तर आणखी वाईट, कारण मग नाटक क्षमेचा उपदेश करू लागते. आणि ज्या बाईला कोणी विचारलेच नाही तिला क्षमेचा उपदेश करण्याचा हक्क आपल्याला नाही.

शेवटच्या टप्प्यात ती जे विचारते त्याचा आशय असा आहे की नेहमी आमच्यासारख्यांनीच का सोसायचे, पडते आम्हीच का घ्यायचे, यांच्यातला एखादा मारला तर आपले काय जाणार आहे. या प्रश्नावर डॉर्फमन यांनी प्रेक्षकांपुढे एक प्रचंड आरसा उतरवायला सांगितले आहे. प्रश्न नवऱ्याला होता, तो आता सभागृहाला झाला. तुमच्या वादात जे निम्मे-निम्मे झाले तेच त्या आरशाचे काम आहे, तेव्हा तालमीतला हा वाद मिटवण्याची घाई करू नका. एवढा मोठा काचेचा आरसा स्पर्धेत परवडणार नाही आणि तो टांगणे धोक्याचेही आहे. हलक्या चौकटीवर ताणून बसवलेला चकाकता प्लास्टिकचा पडदा पुरे होतो. प्रतिमा थोडी वाकडी दिसली तरी बिघडत नाही. मात्र त्या क्षणी सभागृहातले दिवे हळूहळू लावावे लागतील, कारण अंधारात बसलेला माणूस आरशात दिसत नाही. ही सोय आहे की नाही हे प्रकाशयोजनाकाराला आधीच विचारून ठेवा.

प्रश्न : याच प्रयोगात मी खेरार्दोची भूमिका करतो आणि व्यवसायाने वकील आहे. माझ्या मते खेरार्दो बरोबर आहे. तीच फिर्यादी, तीच न्यायाधीश आणि शिक्षा देणारीही तीच, हे कोणत्याही कायद्यात बसत नाही. शिवाय पिस्तुलाच्या धाकाने घेतलेल्या कबुलीला किंमत ती काय? दिग्दर्शक मात्र म्हणतात की मी खेरार्दोची बाजू फार घेतो. — सोलापूर

उत्तर : आपण त्याची बाजू घ्यायलाच हवी. त्याला भित्रा किंवा संधिसाधू ठरवून टाकले तर नाटकाची अर्धी ताकद जाते. तो जे म्हणतो ते खरे आहे : ज्या पद्धतीने तिच्यावर अन्याय झाला तीच पद्धत ती वापरते आहे, आणि नवी लोकशाही अजून नाजूक आहे. कबुलीबद्दल आपण जे म्हणता तेही आपल्या कायद्याला धरूनच आहे. 1872 च्या पुरावा कायद्याचे कलम 24 अधिकार असलेल्या व्यक्तीने धाक, आमिष किंवा आश्वासन देऊन घेतलेली कबुली ग्राह्य धरत नसे, आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ती तरतूद कायम आहे. त्या रात्री त्या घरात अधिकार कोणाच्या हाती आहे हे सांगायला नको.

पण पाउलिना हे जाणून आहे, आणि इथे डॉर्फमन यांची हुशारी पाहण्यासारखी आहे. डॉक्टरने काय कबूल करायचे हे त्याला कळावे म्हणून खेरार्दो तिच्याकडून तिची हकीकत ध्वनिमुद्रित करून घेतो आणि ती त्याला पुरवतो. हे ती ओळखते. म्हणून ती हकीकतीत काही बारीक तपशील मुद्दाम चुकीचे सांगते. डॉक्टरच्या कबुलीत ते तपशील दुरुस्त होऊन येतात. जे फक्त गुन्हेगारालाच ठाऊक असू शकेल ते त्याच्या तोंडून आले, असा तिचा दावा आहे. कोणताही अनुभवी तपास अधिकारी हेच करतो : कबुलीतला तो भाग धरतो जो बाहेरच्या वस्तुस्थितीशी ताडून पाहता येतो. अडचण एकच आहे. इथे ताडून पाहायला दुसरे काही नाही. डोळ्यांवर पट्टी असताना तिने ऐकलेला आवाज, त्वचेचा वास, छळताना वाजवलेले संगीतकार शूबर्टचे संगीत आणि त्याच संगीताची डॉक्टरच्या मोटारीत सापडलेली कॅसेट, एवढाच पुरावा आहे. आणि बरोबर काय, चूक काय हे सांगणारी साक्षीदारही ती एकटीच. त्या रात्रीनंतर तिला खात्री पटते, आपल्याला मात्र पटू शकत नाही.

खेरार्दो करताना एक गोष्ट मात्र विसरू नका. पाउलिनाने कोठडीत त्याचे नाव सांगितले नाही आणि त्यामुळे तो वाचला. ती सुटून आली तेव्हा तो दुसऱ्या बाईबरोबर होता. त्यामुळे तो जेव्हा कायद्याचे राज्य म्हणतो तेव्हा त्या शब्दांमागे तत्त्व आहे, आयोगावरच्या नेमणुकीचे भवितव्य आहे आणि हे ऋणही आहे. हे तिन्ही एकाच वाक्यात ऐकू आले पाहिजे. आपण न्यायालयात ज्या खणखणीत आवाजात युक्तिवाद करता तो आवाज इथे कमी वापरावा. तो घरात, रात्री, बायकोशी बोलतो आहे आणि तिला घाबरलेलाही आहे.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. नातू या नाटकात काम करतो म्हणून संहिता वाचली. अपमानित स्त्री, सूड, न्याय हे सारे आपल्या महाभारतात आहे. त्यासाठी चिलीला जायची गरज काय? — जुळे सोलापूर

उत्तर : गुरुजी, आपला प्रश्न मला आवडला, कारण तुलना केली की चिलीला का जावे लागते हेच उलगडते.

भट्टनारायणाच्या ‘वेणीसंहार’ या संस्कृत नाटकात द्रौपदीचे मोकळे केस हीच कथेची दोरी आहे. दुर्योधनाच्या रक्ताने माखलेल्या हातांनी भीम अखेर तिची वेणी बांधतो, आणि नाटक ती कृती पूर्ततेची म्हणून दाखवते. ते तसे दाखवू शकते, कारण अपराधाबद्दल कोणाच्या मनात शंका नाही. वस्त्रहरण भर सभेत झाले. भीष्म, द्रोण, धृतराष्ट्र सर्व जण तिथे बसलेले होते. लाज त्यांच्या गप्प बसण्याची आहे, पुराव्याची वाण नाही. विसाव्या शतकातली हुकूमशाही सभेत काही करत नाही. ती माणसाला रस्त्यावरून उचलते, डोळ्यांवर पट्टी बांधते, कागद ठेवत नाही, प्रेतही मिळू देत नाही. अन्यायाबरोबर अन्यायाचा पुरावाही ती नष्ट करते. म्हणून भीमाला जी निःशंकता होती ती पाउलिनाला कधीच मिळणार नाही, आणि हुकूमशाहीनंतरच्या सूडाची नाटके संशयाच्या पायावर उभी राहतात ती याचमुळे. आणखी एक फरक आपल्या लक्षात आला असेल : द्रौपदीसाठी नवरा शस्त्र उचलतो, पाउलिनाचा नवरा तिच्या हातातले शस्त्र काढून घेऊ पाहतो.

मला या नाटकाच्या अधिक जवळ वाटते ते महाभारतातले सौप्तिकपर्व. अश्वत्थामा रात्री छावणीत शिरून झोपलेल्यांना मारतो, त्यांत द्रौपदीची पाचही मुले जातात. ती प्रायोपवेशनाला, म्हणजे अन्न सोडून मरण पत्करायला, बसते आणि त्याचा वध मागते. पण अखेर त्याच्या मस्तकावरचा मणी काढून आणला जातो आणि तो मणी ती स्वीकारते. अपराधी जिवंत राहतो. कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागत तो अजून फिरतो अशी आपल्याकडची समजूत आहे. मारेकरी आपल्यातच वावरतो आहे ही जाणीव लोकमनाने किती शतके जपली, पाहा.

आणि ग्रीकांकडे तर या विषयाचा उगमच आहे. इसवी सनपूर्व 458 मध्ये अथेन्सला सादर झालेल्या एस्किलसच्या ‘ऑरेस्टिया’ या नाट्यत्रयीत राजा आगामेम्नॉनचा खून करून त्याची बायको क्लायटेम्नेस्ट्रा आणि तिचा प्रियकर एजिस्थस सत्ता बळकावतात, आणि गावातले वृद्ध त्या राजवटीला जुलमी सत्ता म्हणतात. मुलगा ऑरेस्टिस आईला मारून सूड घेतो, मग सूडाच्या देवता त्याच्या मागे लागतात. तिसऱ्या नाटकात अथेना देवी अथेन्सच्या नागरिकांचे न्यायालय बसवते. मते समसमान पडतात आणि तो सुटतो. अनेक जण गोष्ट इथेच संपवतात : सूड गेला, न्यायालय आले. पण एस्किलस इथे थांबत नाही. निकालानंतर त्या देवता संतापून शहराला शाप देऊ लागतात, आणि अथेना त्यांना हाकलून न देता बराच वेळ, पुन्हा पुन्हा त्यांची समजूत घालते. अखेर त्यांना याच शहरात स्थान, पूजा आणि मान देऊन मिरवणुकीने नेले जाते. निकाल लागला तरी संतापाला बसायला जागा लागते, हे त्याने अडीच हजार वर्षांपूर्वी ओळखले.

चिलीला ही जागा द्यायला बराच उशीर लागला. छळ सोसून जिवंत राहिलेल्यांसाठी वालेच आयोग 2003 मध्ये नेमला गेला. त्याने आणि त्याच्या पुरवणी कामाने 28,000 हून अधिक लोकांना छळग्रस्त म्हणून मान्यता दिली. पाउलिनाला मग नाटकानंतर बारा-तेरा वर्षांनी तिचा रकाना मिळाला, असे म्हणता येईल. तोही अर्धाच, कारण छळ करणाऱ्यांची नावे अहवालात नव्हती आणि साक्षी 50 वर्षांसाठी बंद करून ठेवण्याचा कायदा झाला. पिनोशे यांना ऑक्टोबर 1998 मध्ये लंडनमध्ये अटक झाली, मार्च 2000 मध्ये ते मायदेशी परतले आणि 10 डिसेंबर 2006 रोजी एकाही गुन्ह्यात दोषी न ठरता वारले. गुरुजी, चिलीला जायचे ते यासाठी.

प्रश्न : आम्हाला नाटक जवळचे वाटावे म्हणून ते सोलापुरात आणावे असे वाटते. 1930 चा मार्शल लॉ किंवा आणीबाणी यांपैकी कोणता काळ योग्य ठरेल? तसेच वेळ कमी पडतो म्हणून शेवटचा मैफलीचा प्रवेश गाळला तर चालेल का? — रूपांतरकार, सोलापूर

उत्तर : दोन्ही काळ नकोत. मे 1930 मध्ये आपल्या शहरावर मार्शल लॉ लादला गेला आणि 12 जानेवारी 1931 रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्याला फाशी झाली. त्या अन्यायाबद्दल सोलापूरकराला आजही चीड येते आणि यावीच. पण ती सत्ता परकी होती, आणि 1947 मध्ये ती निघून गेली. डॉर्फमन यांच्या नाटकाचा कणा असा आहे की छळ करणारा आणि छळ सोसणारी एकाच भाषेत बोलतात, एकाच बाजारात भाजी घेतात, आणि तो रात्री मदतीला धावून येणारा सज्जन शेजारी वाटतो. खेरार्दोच्या मोटारीचे चाक पंक्चर होते आणि त्याला घरी आणून सोडणारा माणूस तोच निघतो. मार्शल लॉच्या चौकटीत हे बसवायला गेलात तर चार हुतात्म्यांचाही मान राहणार नाही आणि पाउलिनाचाही.

आणीबाणी या दृष्टीने जवळची आहे, कारण तेव्हाचे अधिकारी आणि तुरुंगात गेलेली माणसे नंतर इथेच राहिली, आणि 1977 मध्ये आणीबाणीतल्या अतिरेकांची चौकशी करणारा शाह आयोगही बसला. पण 21 महिन्यांची आणीबाणी आणि साडेसोळा वर्षांची लष्करी राजवट यांना एका मापाने मोजणे मला मान्य नाही. तुमच्याकडे आणीबाणीचे सोलापुरातले तपशील असतील, घरातल्या कोणाच्या तोंडून ऐकलेले असेल, तर त्यावर स्वतंत्र संहिता लिहा. ती मला वाचायला आवडेल. डॉर्फमन यांनी स्वतः हा देश चिली असावा किंवा हुकूमशाहीतून नुकताच लोकशाहीत आलेला कोणताही देश असावा, असे मोकळे ठेवले आहे. नावे तशीच राहू द्यावीत, भाषा मात्र अस्सल मराठी असावी. पाउलिना पुस्तकी बोलू लागली तर प्रेक्षक तिच्यापासून दूर जाईल.

मैफलीचा प्रवेश गाळू नका. आरशानंतर काही महिन्यांनी नवरा-बायको सभागृहात येतात, लोक भेटतात, आयोगाच्या कामाचे कौतुक होते, आणि डॉक्टरही आत येतो. तो खरा आहे की फक्त तिला दिसतो आहे, हे प्रकाशावरच अवलंबून ठेवलेले आहे. ज्या संगीताने तिला इतकी वर्षे मळमळत होते तेच संगीत ती आता ऐकायला बसली आहे, आणि नवरा शेजारी समाधानाने बोलतो आहे. या नाटकावरच्या 1994 च्या चित्रपटात डॉक्टरची कबुली खरी असल्याचे जवळजवळ ठरवून टाकले आहे, त्यामुळे कलाकारांनी तो तालमी संपेपर्यंत पाहू नये अशी माझी सूचना आहे. वेळ वाचवायचाच असेल तर पहिल्या अंकातले नवरा-बायकोचे मोटारीच्या चाकावरून होणारे बोलणे थोडे आवरता येईल. पण आवाज ओळखण्याच्या प्रवेशातले एकही वाक्य कमी करू नका : तिथे पाउलिनाला संवाद नाहीत, ती आडून नुसती ऐकते, आणि पुढचे सर्व नाटक त्या ऐकण्यावर उभे आहे. अशी काटछाटही लेखकाच्या संमतीनेच करावी; प्रयोगाच्या परवानगीसाठी पत्र लिहाल त्यातच तिचा उल्लेख करा.